झोपेच्या तीन तक्रारी आणि एकच छापील यादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्य पुरवण्यांत झोपेवर जे छापून येते त्याचा साचा आता वाचकांना पाठ झाला असेल. आधी कमी झोपेने जडणाऱ्या रोगांची धडकी भरवणारी जंत्री, आणि मग मोबाइल दूर ठेवा, खोलीत अंधार करा, मन शांत ठेवा असा दहा कलमी कार्यक्रम. जंत्रीतले बरेचसे खरे असते, कार्यक्रमातही चुकीचे फारसे काही नसते. तरी असे लेख वाचून अनेकांचे नुकसान होते, कारण त्यांत मूळ प्रश्नच विचारलेला नसतो. झोप खराब आहे म्हणजे नेमके काय? झोपायला वेळच दिला जात नाही, की वेळ देऊनही झोप येत नाही, की झोप लागते पण रात्रभर तिचे तुकडे पडत राहतात? महिनोन्‌महिने चालल्यावर तिन्ही तक्रारींचे परिणाम बरेच सारखे दिसतात. उपाय मात्र कधी कधी अगदी उलटे असतात. पहिल्याला जे औषध, तेच दुसऱ्याला अपथ्य ठरते. या पत्रात हा फरक जरा तपशिलाने मांडतो.

पहिली तक्रार सर्वांत साधी. झोप येऊ शकते, पण काम, प्रवास, अभ्यास किंवा पडद्यापुढे बसण्यापायी ती घेतली जात नाही. कमी झोपेवरचे बहुतेक गाजलेले प्रयोग याच प्रकाराचे आहेत. निरोगी माणसांना काही रात्री मुद्दाम कमी झोपू दिले आणि काय होते ते मोजले. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ४८ जणांचे गट करून त्यांतल्या बहुतेकांना १४ रात्री चार, सहा किंवा आठ तासच अंथरुणात राहू दिले. सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची एकाग्रता आणि प्रतिक्रियेचा वेग दिवसागणिक ढासळत गेला आणि शेवटी एक-दोन रात्री सलग जागरण केलेल्या माणसाच्या पातळीला आला. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्यांना स्वतःला तितकी झोप येत असल्याचे जाणवत नव्हते. पहिल्या काही दिवसांनंतर पेंग वाढल्याची जाणीव थांबली, चुका मात्र वाढत राहिल्या. ‘मला सहा तास पुरतात’ असे सांगणाऱ्याच्या साक्षीवर म्हणूनच विसंबता येत नाही. खरोखर कमी झोपेवर निभावणारी माणसे असतात, पण विरळा. सुटीच्या दिवशी गजर न लावता आपण किती झोपतो हे पाहावे. रोजच्यापेक्षा दोन तास जास्त झोप लागत असेल, तर सहा तास पुरत नाहीत.

शरीरावरचा परिणाम पहिल्यांदा दिसतो तो साखरेच्या व्यवहारात. शिकागोत १९९९ साली ११ तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू दिले तेव्हा रक्तातली साखर निवळण्याचा वेग, भरपूर झोपल्यानंतरच्या वेगापेक्षा, सुमारे ४० टक्क्यांनी मंदावला. संध्याकाळी उतरणीला लागायला हवे असलेले ताणाचे संप्रेरक, कॉर्टिसॉल, चढेच राहिले. पाच वर्षांनी त्याच गटाने भूक मोजली. दोन रात्री चार तासांची झोप, आणि पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन १८ टक्क्यांनी खाली, भूक चाळवणारे घ्रेलिन २८ टक्क्यांनी वर. उलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो मला जास्त मोलाचा वाटतो. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन काहीसे जास्त असलेल्या ८० व्यक्तींवरच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काहींची झोप समुपदेशनाने रोज सरासरी सव्वा तासाने वाढवली. आहाराबद्दल एक शब्दही सांगितला नव्हता. तरी इतरांच्या तुलनेत त्यांच्या पोटात दिवसाला सुमारे २७० कॅलरी कमी जाऊ लागल्या.

रक्तदाबाचे गणित वेळेचे आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत दिवसाच्या तुलनेत १० ते २० टक्के उतरतो. झोप पाच तासांवर आली की ही उसंतही पाच तासांवर येते, आणि हृदय व रक्तवाहिन्या चढ्या दाबाखाली रोज दोन-तीन तास जादा काढतात. वर्षानुवर्षे हे चालले की उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताचे प्रमाण वाढलेले आढळते. प्रतिकारशक्तीबद्दलचा एक प्रयोग तर सरळ नाकात विषाणू घालून केलेला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात १६४ निरोगी लोकांची झोप आठवडाभर मनगटावरच्या यंत्राने मोजली आणि मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. सहा तासांहून कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांहून अधिक झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली.

मनावरच्या परिणामासाठी झोपेची घडण लक्षात घ्यावी लागते. साधारण नव्वद मिनिटांचे एक आवर्तन, अशी रात्रीत चार-पाच आवर्तने होतात. गाढ झोप बहुतेक पहिल्या तीन-चार तासांत आटोपते, तर स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते. त्यामुळे अकराला झोपून सातऐवजी पाचला उठणाऱ्याची गाढ झोप जवळपास शाबूत राहते आणि कापली जाते ती मुख्यतः स्वप्नझोप. भावनांचा निचरा होण्यात या झोपेचा वाटा आहे. एका रात्रीच्या पूर्ण जागरणानंतर मेंदूतले भीती-संतापाचे केंद्र, अमिग्डाला, अप्रिय चित्रे पाहून सुमारे ६० टक्के जास्त भडकते आणि त्याला आवर घालणाऱ्या कपाळामागच्या भागाशी त्याचा दुवा सैल पडतो, असे २००७ मधल्या मेंदूचित्रणात दिसले. चिडचिड, रडू येणे, क्षुल्लक गोष्टीवरून खटके उडणे हे स्वभावाचे दोष समजले जातात, तेव्हा आधी घड्याळाचा हिशेब करावा.

या पहिल्या तक्रारीवरचा उपाय कंटाळवाणा आहे: वेळ देणे. प्रौढांना किमान सात तास, १४ ते १७ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा. उठण्याची वेळ पक्की ठेवून झोपण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणत गेले की दोन-तीन आठवड्यांत एक तास मिळतो. एकदम दीड तास आधी आडवे झाले तर शरीराचे घड्याळ साथ देत नाही, माणूस छताकडे बघत पडतो आणि चौथ्या दिवशी नाद सोडतो. आठवड्याची थकबाकी रविवारी दुपारपर्यंत लोळून फिटत नाही. थकवा थोडा कमी होतो, पण साखरेचा बिघाड तसाच राहतो आणि त्या रात्री झोप उशिरा येऊन सोमवार पुन्हा अपुऱ्या झोपेने उजाडतो. त्यापेक्षा दुपारी तीनच्या आत वीस मिनिटांची डुलकी बरी. कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच-सहा तास लागतात. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीननेही झोप तासाभराहून जास्त घटल्याचे प्रयोगात दिसले आहे. ‘मला कॉफी पिऊनही झोप लागते’ हे खरे असू शकते. झोप लागते, पण उथळ.

गाडी चालवणाऱ्यांसाठी एक हिशेब वेगळा सांगायला हवा. सलग १७ ते १९ तास जागे राहिल्यावर प्रतिक्रियेचा वेग रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होतो तितका मंदावतो. ताशी ८० किलोमीटर वेगात चार सेकंद डोळा लागला तर गाडी जवळजवळ ९० मीटर चालकाविना जाते. काच उघडणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे यांचा परिणाम काही मिनिटांत ओसरतो. गाडी सुरक्षित जागी थांबवून कॉफी प्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. कॅफीनचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळे डुलकी आणि कॅफीन दोन्ही एकाच वेळी कामी येतात. हीसुद्धा तात्पुरती सोय आहे, पुढच्या सहा तासांचा परवाना नव्हे.

आता दुसरी तक्रार, निद्रानाश. इथे वेळ असतो, अंधार असतो, इच्छा असते, झोप तेवढी नसते. आठवड्यातून किमान तीन रात्री, निदान तीन महिने, झोप लागायला किंवा टिकायला अडचण आणि तिचा दिवसावर परिणाम, असे असेल तर त्याला दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. आपल्या पुरवण्यांतल्या लेखांचे सर्वांत निष्ठावान वाचक हेच रुग्ण असतात, आणि त्या लेखांचा सर्वाधिक त्रासही यांनाच होतो. वर सांगितलेले चार-सहा तासांचे प्रयोग झोपू न दिलेल्या निरोगी माणसांवरचे होते. निद्रानाशाचा रुग्ण त्यांचे आकडे स्वतःला लावतो, रात्री दोन वाजता मधुमेह, हृदयविकाराचा झटका, स्मृतिभ्रंश अशी उजळणी करतो, आणि उरलीसुरली झोपही उडते. अनेकदा या रुग्णांना जाणवते त्यापेक्षा त्यांची प्रत्यक्ष झोप अधिक असते, हेही मोजमापांत वारंवार दिसते. याचा अर्थ त्रास खोटा आहे असा नाही. मेंदू आणि मज्जासंस्था रात्रीही जागेपणाच्या पट्टीत ताणलेली असतात, म्हणून झोपलेला वेळसुद्धा जागल्यासारखा वाटतो. ज्यांची झोप मोजूनही खरोखर सहा तासांच्या आत भरते आणि जोडीला निद्रानाश आहे, त्यांच्यात उच्च रक्तदाबासारखे शारीरिक धोके ठळक दिसतात. इतरांनी रोगांची जंत्री उशाशी घेऊन झोपू नये.

मनाच्या आरोग्याशी निद्रानाशाचे नाते दुहेरी आहे. नैराश्यात झोप बिघडते हे सगळ्यांना ठाऊक असते. पण नैराश्य नसलेल्या, फक्त निद्रानाश असलेल्या लोकांचा पुढे अनेक वर्षे मागोवा घेतलेले अभ्यास २०११ मध्ये एकत्र तपासले, तेव्हा त्यांना नैराश्य येण्याची शक्यता चांगल्या झोपेच्या लोकांच्या दुप्पट आढळली. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवरची २०१७ ची चाचणी आणखी पुढे जाते. निद्रानाशावरच्या ऑनलाइन उपचाराने त्यांची झोप सुधारली, आणि तिच्यासोबत संशयी विचार, भास, चिंता व नैराश्याची लक्षणेही कमी झाली. ‘मन बरे झाले की झोप आपोआप येईल’ हा सल्ला त्यामुळे अर्धवट ठरतो. मन आणि झोप दोन्हींवर बरोबरच उपचार करावे लागतात. नैराश्य गेले आणि निद्रानाश मागे उरला, तर नैराश्य परतण्याचा धोका जास्त असतो. आणि जागरणाच्या जोडीने जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर टिपा वाचत बसू नये. घरातल्या कुणाला तरी सांगून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

निद्रानाश सुरू कशाने होतो आणि टिकतो कशाने, ही दोन वेगळी उत्तरे आहेत. सुरुवात दुखणे, परीक्षा, नोकरी, दुःख, बाळाचा जन्म, कशानेही होते. ते कारण सरल्यावरही झोप परतत नाही याचे कारण मधल्या काळात लागलेल्या सवयी. झोप पुरत नाही म्हणून माणूस नऊलाच आडवा होतो, सकाळी उशिरापर्यंत पडून राहतो, दुपारी भरपाई करतो. भूक लागायच्या आधी पानावर बसून राहिल्याने भूक लागत नाही, तसेच हे आहे. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचे रसायन साठत जाते आणि त्यातून झोपेचा दाब तयार होतो. तो साठूच दिला नाही तर रात्र पातळ होऊन लांबते. शिवाय रोज तीन-चार तास जागेपणी तळमळण्यात गेले की मेंदू अंथरुणाची सांगड झोपेऐवजी तळमळीशी घालतो. बैठकीत पेंगणारा माणूस अंथरुणावर पाठ टेकताच टक्क जागा होतो, तो यामुळे.

म्हणून याचा उपाय ‘लवकर झोपा, जास्त विश्रांती घ्या’ या सल्ल्याच्या नेमका उलटा आहे. ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली प्रौढांच्या दीर्घकालीन निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून गोळी नव्हे, तर निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत, सीबीटी-आय, सुचवली. तिचा कणा असा. दोन आठवडे रोज सकाळी वहीत अंदाजाने नोंद करायची: कितीला आडवे झालो, किती वेळाने झोप लागली, मध्ये किती वेळ जाग होती, कितीला उठलो. समजा रात्री दहा ते सकाळी साडेसहा, म्हणजे साडेआठ तास अंथरुणात जातात आणि सरासरी झोप भरते पावणेसहा तास. म्हणजे अंथरुणातला ६८ टक्के वेळच झोपेत जातो. आता उठण्याची वेळ साडेसहाच ठेवायची आणि आडवे व्हायचे थेट पाऊण वाजता. आठवडाभराने पुन्हा हिशेब करायचा. ८५ टक्क्यांच्या वर गेले तर झोपण्याची वेळ पंधरा मिनिटे अलीकडे घ्यायची, ८० ते ८५ मध्ये असेल तर आहे तेच चालू ठेवायचे, ८० च्या खाली असेल तर पंधरा मिनिटे आणखी कापायची. पण अंथरुणातला वेळ पाच तासांच्या खाली कधीही न्यायचा नाही. दिवसा झोपायचे नाही. रात्री वीसेक मिनिटे झोप लागली नाही असे वाटले तर उठून दुसऱ्या जागी, मंद उजेडात, काहीतरी नीरस करत बसायचे आणि डोळे जड झाले की परतायचे. ही वीस मिनिटे अंदाजाची. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचे, कारण वेळ पाहिली की डोक्यात वजाबाकी सुरू होते.

पहिला आठवडा वाईट जातो. दिवसा पेंग येते, चिडचिड वाढते, आणि नेमक्या चौथ्या-पाचव्या दिवशी लोक ‘हे मला मानवत नाही’ म्हणून सोडून देतात. ती पेंग म्हणजे दाब साठत असल्याची खूण असते. दुसरी नेहमीची चूक संध्याकाळी टीव्हीपुढे लागलेली दहा मिनिटांची डुलकी. ती रात्रीचा साठा रिकामा करते. तिसरी, सुटीच्या दिवशी उशिरा उठणे. हे सांभाळले तर बहुतेकांना सहा ते आठ आठवड्यांत फरक दिसतो आणि उपचार थांबल्यावरही तो टिकतो. मात्र बायपोलर आजार, अपस्मार, झोपेत चालण्याची सवय किंवा उपचार न केलेला श्वासरोध (झोपेत श्वास अडण्याचा विकार) असेल, किंवा वाहन वा यंत्र चालवण्याचे काम असेल, तर तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय हा प्रयोग करू नये. बायपोलर रुग्णात झोप कापल्याने उन्मादाचा झटका येऊ शकतो.

छापील दहा टिपांबद्दलही स्पष्ट लिहितो. निद्रानाशावर त्या एकट्या पुरत नाहीत. झोपवैद्यकाच्या अमेरिकन संस्थेने २०२१ च्या मार्गदर्शनात फक्त ‘झोपेची स्वच्छता’, म्हणजे असल्या टिपा, हा एकमेव उपचार म्हणून वापरू नये, असेच सुचवले आहे. रुग्णाने सगळे नियम पाळलेले असतात, पडदे जाड केलेले असतात, फोन दुसऱ्या खोलीत असतो, तरी झोप येत नाही. मग तो स्वतःलाच दोष देतो. या यादीतली एक गोष्ट त्यातल्या त्यात उपयोगी, तीही बहुधा चुकीच्या वेळी केली जाते. झोपण्याच्या एक-दोन तास आधी दहा मिनिटे गरम पाण्याने, ४० ते ४२ अंश सेल्सिअसच्या, अंघोळ केली तर हातापायांच्या त्वचेतून उष्णता बाहेर पडून शरीराचे आतले तापमान उतरते आणि झोप लवकर लागते. अगदी झोपायच्या तोंडावर केली तर तापमान उतरायला वेळच मिळत नाही.

गोळ्या थोडक्यात. काही दिवसांच्या संकटात डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या उपयोगी पडतात. महिनोन्‌महिने घेतल्या की सवय लागते, उतारवयात रात्री उठताना पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. झोल्पिडेम वर्गातल्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१९ मध्ये झोपेत चालणे, गाडी चालवणे अशा घटनांमुळे सर्वांत कडक दर्जाचा इशारा छापायला लावला. तरी बऱ्याच काळापासूनची गोळी एका रात्रीत बंद करू नये. त्याने निद्रानाश दुप्पट जोराने उसळतो आणि बेंझोडायझेपिन वर्गातल्या गोळ्यांच्या बाबतीत आकडीचे झटकेही येऊ शकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली साधारण दोन आठवड्यांनी एक चतुर्थांश, आणि शेवटी त्याहूनही हळू, असे कमी करत न्यावे लागते. मेलाटोनिन हे झोपेच्या गोळीसारखे काम करत नाही. ते शरीराच्या घड्याळाला वेळ सांगते, म्हणून ज्यांचे घड्याळ मागे पडले आहे त्यांना योग्य वेळी घेतल्यास मदत होते. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री ती मोडते.

तिसरी तक्रार सर्वांत दुर्लक्षित, कारण रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. स्लीप ॲप्नियात, म्हणजे श्वासरोधात, झोपेत घशाचा मार्ग मिटतो, श्वास दहा सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू क्षणभर जागा होऊन श्वास सुरू करतो. तासाला असे प्रकार पाच ते पंधरा असले तर सौम्य, तीसपर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. काहींमध्ये ते साठच्याही वर जातात. ३० ते ६९ वयोगटातल्या ९३ कोटींहून अधिक लोकांना जगात हा विकार असल्याचा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. आठ तास झोपूनही सकाळी डोके जड, तोंड कोरडे, दिवसा पेंग, रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागणे आणि तीन-तीन औषधांनीही न आटोपणारा रक्तदाब, ही त्याची ओळख. लघवीचे लोकांना नवल वाटते. मिटलेल्या घशाविरुद्ध श्वास ओढताना छातीत ओढ निर्माण होते, हृदयाचे वरचे कप्पे ताणले जातात आणि ते मूत्रपिंडांना पाणी बाहेर टाकायला लावणारे संप्रेरक सोडतात. माणूस वर्षानुवर्षे प्रोस्टेट किंवा मधुमेहाला दोष देत राहतो.

घोरणे, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास अडल्याचे कुणीतरी पाहिलेले असणे, उच्च रक्तदाब, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३५ च्या वर, वय पन्नाशीपुढे, गळ्याचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त, आणि पुरुष असणे. या आठांपैकी तीन किंवा अधिक गोष्टी लागू असतील तर झोपेची तपासणी करून घ्यावी. घरी करता येण्याजोगे यंत्र मिळते. गुंतागुंत असेल तर रात्रभर प्रयोगशाळेत झोपावे लागते. स्त्रियांमध्ये हा विकार बऱ्याचदा जोराच्या घोरण्याऐवजी थकवा, निद्रानाश, डोकेदुखी अशा वेशात येतो, म्हणून नैराश्य समजून त्यांच्यावर भलताच उपचार होतो. रजोनिवृत्तीनंतर त्यांच्यात याचे प्रमाण वाढते. अशा रुग्णाने ‘झोप नीट लागत नाही’ म्हणून झोपेची गोळी किंवा दारू घेतली, की घशाचे स्नायू आणखी ढिले पडण्याचा आणि जाग येण्याची यंत्रणा सुस्तावण्याचा धोका असतो.

उपचार म्हणजे १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात पुढे आलेले सीपॅप यंत्र, जे हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवते. ते फसते ते बहुधा मास्कपायी. माप चुकले तर हवा डोळ्यांकडे गळते, नाक कोरडे पडते, पट्टे घट्ट आवळल्याने वळ उठतात. मास्कचा आकार बदलणे, आर्द्रता देणारी टाकी जोडणे आणि दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास लावून सवय करणे, यांनी बहुतेक अडचणी सुटतात. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे, की हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या रुग्णांवरच्या २०१६ च्या मोठ्या चाचणीत सीपॅपने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व मृत्यू कमी झाल्याचे दिसले नाही. तिथे सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता. पेंग, मनःस्थिती आणि जगण्याची प्रत सुधारली. वजन दहा टक्के उतरले तर श्वासरोध साधारण एक चतुर्थांशाने घटतो. पाठीवर झोपल्यावरच त्रास होणाऱ्यांना कुशीवर झोपून बराच आराम मिळतो.

झोपेचे तुकडे करणारा आणखी एक चोर म्हणजे संध्याकाळनंतर पायांत होणारी विचित्र वळवळ, जी पाय हलवल्याशिवाय थांबत नाही. यात हिमोग्लोबिन ठीक असले तरी शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासावे. ते लिटरला ७५ मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली असेल तर लोह देण्याचा विचार केला जातो. सर्दीच्या जुन्या धाटणीच्या, गुंगी आणणाऱ्या गोळ्या काही लोक झोपेसाठी घेतात. त्यांनी ही वळवळ वाढते.

स्मृतिभ्रंशाबद्दल सध्या जे मथळे येतात त्यांत थोडी सबुरी हवी. ब्रिटनमधल्या सुमारे ८,००० जणांचा २५ वर्षे मागोवा घेतल्यावर, पन्नाशीपासून सत्तरीपर्यंत सातत्याने सहा तास किंवा कमी झोपणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ३० टक्के जास्त आढळले, हे खरे. तो संबंध आहे, कारण सिद्ध झालेले नाही. ‘झोपेत मेंदू धुतला जातो’ हे वाक्य २०१३ मधल्या उंदरांवरच्या प्रयोगातून आले आणि २०२४ मध्ये उंदरांवरच्याच दुसऱ्या प्रयोगाने त्याच्या उलट निष्कर्ष काढला. वाद मिटेपर्यंत मथळ्यात प्रश्नचिन्ह असायला हरकत नाही. मनगटी घड्याळांचे ‘गाढ झोप ४१ मिनिटे’ असले अहवालही तितकेच सैल धरावेत. एकूण वेळेचा अंदाज ती बरा देतात, झोपेचे टप्पे सांगताना बरीच चुकतात.

घोरणाऱ्या मुलांच्या बाबतीत तर टिपांची यादी पूर्णच निरुपयोगी ठरते. श्वासरोध असलेले मूल अनेकदा पेंगत नाही, ते चळवळे होते, वर्गात एका जागी बसत नाही, रडवेले होते, अंथरूण ओले करते. कारण बहुतेकदा वाढलेले टॉन्सिल आणि नाकामागचे ॲडेनॉइड. आठवड्यातून तीनहून अधिक रात्री घोरणारे, तोंड उघडे ठेवून किंवा मान मागे टाकून झोपणारे, झोपेत घामाघूम होणारे मूल दिसले, तर पालकांनी रात्रीचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावा. मुलांसाठीचे मोजमाप मोठ्यांहून कडक असते. तासाला एकदा श्वास अडला तरी त्याची दखल घेतली जाते.

आपला विश्वासू,
झोपविकारांवर उपचार करणारा एक डॉक्टर